गुरुवारचा फोन-इन : साडेतीन स्टार, त्यातला एक नुसत्या ‘कधी?’ला

आधी रेंजचं सांगते, कारण ते बाकी कुणी सांगत नाही. आमच्या नेरुळच्या घरात हे कम्युनिटी रेडिओ स्टेशन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत लागतं. हॉलमध्ये नाही, बेडरूममध्ये तर नाहीच. खिडकीच्या कट्ट्यावर ट्रान्झिस्टर, एरियल ग्रिलला टेकवलेली आणि मी ओट्याशी पोळ्या लाटत उभी, असा योग जुळला तर स्वच्छ ऐकू येतं. फ्रीजकडे दोन पावलं टाकली की खरखर. कम्युनिटी रेडिओला, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या स्टेशनला, साधारण १०० वॉटची परवानगी मिळते, अँटेना फार तर ३० मीटर उंच. म्हणजे मोकळ्या माळावर आठ-दहा किलोमीटर. इथल्या टॉवरांच्या गर्दीत त्यातलं किती उरणार? तेव्हा रेंजचे गुण मी कापत नाही. गरिबाच्या घरच्या चहात साखर कमी म्हणून कोण तोंड वाकडं करतं?

स्टेशनचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या खिडकीत लागतं त्यांना कळेलच, ज्यांच्या लागत नाही त्यांना नाव कळून उपयोग काय. एका कॉलेजच्या चौथ्या मजल्यावरून चालतं एवढं पुरे. मी लिहिणार आहे ते गुरुवारी सकाळी दहा ते अकरा लागणाऱ्या फोन-इनबद्दल, म्हणजे श्रोत्यांनी फोन करून हवेत बोलायच्या कार्यक्रमाबद्दल, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल : फोनवरचा माणूस चिडलेला, आडमुठा, लांबण लावणारा किंवा तोंडाळ निघाला तर हे लोक काय करतात.

ह्या विषयात मला नाक खुपसायचा हक्क आहे. दोन कारणं. एक, टेलिफोनच्या नोकरीत माझी ३१ वर्षं गेली, त्यातली ११ तक्रार कक्षात, १९८ वर. १९७ म्हणजे नंबर विचारायचा, तिथे लोक गोड बोलायचे. १९८ म्हणजे फोन बंद पडलेला माणूस. पहिला पाऊस झाला की जमिनीखालच्या कागदी वेष्टनाच्या जुन्या केबलींत पाणी शिरायचं, एका जॉइंटपायी शंभर-शंभर फोन मुके व्हायचे, आणि ते शंभर जण कोपऱ्यावरच्या पीसीओत रांग लावून एकाच सकाळी माझ्या कानात ओतायला यायचे. दुसरं कारण हे की ह्याच कार्यक्रमात मला स्वतःला कापलं गेलंय. ते आधी सांगून टाकते, म्हणजे मनात डूख धरून लिहिलं असं कुणी म्हणायला नको. धरला होता, पण आता निम्मा उतरलाय.

झालं असं. विषय होता पार्किंग. करावे गावातून एका काकांचा फोन आला. आवाज मोठा, मागे कोंबडा आरवतोय, आणि भाषा अस्सल आगरी. ‘तू आयक ना जरा! आमचे गल्लीन तुमचे सेक्टरवाले गारी लावतान, आमचा टेम्पो भायेर कसा निगंल?’ पहाटे मासळीचा टेम्पो गल्लीतून निघायचा असतो आणि तोंडाशी कुणाची तरी गाडी उभी असते, एवढं साधं म्हणणं. निवेदिका म्हणाली, ‘सर, प्लीज शांत व्हा, नीट बोला.’ काका म्हणाले, ‘मी नीटच बोलताव, तूच आयकत नाय.’ ह्यावर फट्‌कन लाइन गेली, दोन सेकंद काहीच नाही, आणि मग गाणं. गाणं कोणतं लावलं असेल? कोळीगीत. खऱ्या माणसाचा फोन बंद करून त्याच्याच गावचं गाणं लावलं! माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आगरी-कोळी बोलण्यात ‘तुम्ही’ फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सासऱ्यालाही तू, तलाठ्यालाही तू, देवाला तर तूच. त्यात अपमान नाही, उलट आपलेपणा आहे. नेरुळ, करावे, सारसोळे, दारावे ही गावं आधी, सेक्टर मागून. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं त्यांची बोली त्याच शहराच्या रेडिओवर ‘उद्धट’ ठरावी, ह्याला काय म्हणायचं? माझी नणंद माणात, म्हसवडला असते. तिथे ९०.४ वर माणदेशी तरंग वाहिनी लागते. तिथले निवेदक लोकांशी लोकांच्याच बोलीत बोलतात, त्यामुळे कुणी कुणाला ‘नीट बोला’ म्हणायचा प्रश्नच येत नाही. आमच्या इथल्या मुलीचा दोष नाही म्हणा, ती डोंबिवलीची. पण स्टेशनचा आहे.

तर मी पीठ लागलेल्या हातानेच फोन लावला. सातव्या-आठव्या वेळी लागला. एका मुलाने नाव-गाव विचारलं, ‘विषय काय’ म्हणाला, मी म्हटलं ‘पार्किंग’. (खोटं बोलले. कबूल.) लाइनवर आल्या आल्या विचारलं, त्या काकांना का कापलंत? ती म्हणाली, ‘मॅडम, आपला आजचा विषय पार्किंग आहे, तुमचा मुद्दा आमच्यापर्यंत पोहोचला.’ पुढे काय झालं ते मला वेगळं आठवत होतं आणि टेपवर वेगळं निघालं, त्यामुळे ते टेपवरूनच सांगते.

टेप कुठून आली? मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गेले. लेखी तक्रार घेऊन, कार्बन कॉपीसकट, सवय जात नाही. तिथले स्टेशन सांभाळणारे गृहस्थ बरे निघाले. म्हणाले, ‘काकू, नियमाप्रमाणे आम्हाला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. आधी ऐका, मग तक्रार द्या.’ हेडफोन दिला. आणि मी मला ऐकलं.

मला आठवत होतं की मी ठामपणे दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी मला कापलं. टेपवर होतं ते असं : ‘मुद्दा पोहोचला म्हणजे काय? तू गप्प बस आधी. तू गप्प बस आणि ऐक.’ तिसऱ्यांदा ‘तू गप्प’ आलं तेव्हा फट्‌, गाणं. माझी ‘तू’ आगरी नव्हती. ती चांगली सदाशिव पेठी ‘तू’ होती, चाकूसारखी. तो आवाज मी ११ वर्षं रोज ऐकला होता. फक्त तो दुसऱ्या बाजूने यायचा.

तक्रार मी परत पर्समध्ये घातली नाही, दिलीच. पण त्याआधी खाली एक ओळ वाढवली : ‘माझे बोलणेही योग्य नव्हते.’ कार्बन कॉपीवर ती ओळ नाही, म्हणून घरी कुणाला दाखवली नाही.

त्यानंतर मला त्यांनी स्टुडिओत बसायची परवानगी दिली. तीन गुरुवार बसले, आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, चपला बाहेर काढून. त्यामुळे पुढचं परीक्षण आतून आहे.

आत सामान फार नाही. एक मिक्सर, दोन माइक, भिंतींना करड्या रंगाचा फोम, दारावर लाल दिवा, आणि एसी, जो कार्यक्रम सुरू झाला की बंद करतात म्हणून अकरापर्यंत सगळे घामाघूम. मोठ्या स्टेशनांत फोन मिक्सरला जोडायला हायब्रिड नावाचा डबा असतो. इथे एक मोबाइल आहे आणि एक वायर. मिक्सरवर प्रत्येक आवाजाचा वरखाली सरकणारा खटका असतो, त्याला फेडर म्हणतात. फोनच्या फेडरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. का, ते कळायला मला एक गुरुवार लागला : घाईत हात चुकीच्या खटक्यावर जाऊ नये म्हणून.

तिथला टेक्निकल मुलगा फार गुणी. त्याने मला उशिराच्या यंत्राची गोष्ट सांगितली. परदेशी स्टेशनांत बोललेलं सात-आठ सेकंदांनी हवेत जातं, कुणी शिवी दिली की बटण दाबायचं, तेवढा तुकडा गायब. अमेरिकेत ॲलनटाउन गावच्या एका स्टेशनने १९५२ सालीच टेप फिरवून हा प्रयोग केला होता म्हणे. आपल्याकडे ते यंत्र नाही, आपल्याकडे माझं बोट आहे, असं म्हणून त्याने तर्जनी दाखवली. यंत्र नसल्याचा एक फायदाही आहे. ते असतं तर घरात रेडिओ मोठा ठेवून फोन करणाऱ्याला आपलंच बोलणं सात सेकंदांनी ऐकू आलं असतं आणि तो भांबावला असता. तसे आताही लोक रेडिओ बारीक करत नाहीत. दर तिसऱ्या फोनला ‘आधी रेडिओ बारीक करा’ म्हणावं लागतं. कुई कुई आवाज येतो तो त्यामुळेच.

बोटाबद्दल माझं एक म्हणणं आहे आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोन कापणं आणि फेडर खाली ओढणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेडर खाली ओढला तर श्रोत्यांना तो माणूस ऐकू येत नाही, पण तो लाइनवर असतो. बाहेरच्या खोलीतला मुलगा त्याच्याशी बोलू शकतो, नंबर घेऊ शकतो, ‘काका, थांबा, परत घेतो’ म्हणू शकतो. फोनच कापला की संपलं. माझ्या वेळी आणि करावेच्या काकांच्या वेळी त्यांनी फोन कापला होता. आणि वर एक शब्द नाही, सरळ गाणं. ऐकणाऱ्याला वाटतं लाइन गेली. कापलेल्याला मात्र बरोबर कळतं. तो कुठे जात नाही हो, रेडिओ त्याच्या हाताशी चालूच असतो, तो ऐकत बसलेला असतो की आता माझ्याबद्दल काय बोलतात.

आणि कधीकधी बोलतात! मंगळवारचा कार्यक्रम एक मुलगा करतो, त्याच्याबद्दल हे. एकदा एक बाई घंटागाडीच्या वेळेवरून तावातावाने बोलत होत्या. त्यांना घालवल्यावर हा आणि त्याचा जोडीदार हसले. ‘सकाळचा चहा मिळालेला दिसत नाही’ म्हणाले. एक अख्खा स्टार मी ह्या वाक्याला कापलाय. उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाची टिंगल करायला अक्कल लागत नाही. १९८ वर हे कुणी लाइन बंद झाल्यावरसुद्धा केलं, तर आमच्या सुपरवायझर बाई जागेवरून उठवायच्या.

त्याच बाईंनी पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही. चिडलेल्या माणसाला ते ‘वेडा झालायस का’ असंच ऐकू जातं. दुसरी, नंबर विचारायचा. ‘साहेब, नंबर सांगा.’ समोरचा कितीही पेटलेला असो, नंबर सांगताना त्याला ओरडता येत नाही. करून बघा घरी. ‘दोन, सात, सात, शून्य...’ तिसऱ्या आकड्याला आवाज आपोआप खाली येतो, कारण डोकं आठवण्याच्या कामाला लागतं. मग डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, द्यायचा, तो लिहून घ्यायला लावायचा. पेन शोधेपर्यंत अर्धा राग जातो. लिहून झाल्यावर बरेच जण ‘थँक्यू’ म्हणायचे, ह्याचं मला शेवटपर्यंत नवल वाटायचं. फोन तर तसाच बंद होता!

हे मी आमच्या त्या निवेदिका मुलीला पहिल्या गुरुवारी चहा पिताना सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वहीत काही लिहिलं नाही, त्यामुळे मला वाटलं गेलं वाऱ्यावर.

दुसऱ्या गुरुवारी विषय होता भटके कुत्रे. ज्यांनी नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली असेल त्यांना पुढचं सांगायला नको. भाऊ-भाऊ ह्यावरून बोलेनासे होतात. पाहुणे म्हणून एक व्हेटर्नरी डॉक्टर होते. कार्यक्रमाआधी मुलगी त्यांच्याशी बोलत होती आणि एका चिठ्ठीवर काहीतरी आकडे उतरवत होती.

दहा-वीसला सीवूड्सहून फोन आला. मला हेडफोन दिला होता, त्यामुळे शब्दन्‌शब्द सांगू शकते.

‘ताई, ही जी बाई आहे ना आमच्या बी विंगमधली, रोज खायला घालते कुत्र्यांना, तिचं नाव—’

बोट ठिपक्यावर गेलं आणि फेडर अर्धा खाली आला. पुरता नाही. त्याचा आवाज मागे गेला, हिचा पुढे आला.

‘काका, नाव नको, विंग नको. चावलं कुणाला?’

‘आईला चावलं! पंच्याहत्तर वर्षांची आई आहे माझी! आणि ही बाई—’

‘कधी चावलं, काका?’

इथे तो थांबला. खरंच थांबला. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू आला.

‘गेल्या गुरुवारी. सकाळी. देवळातून येत होती.’

‘मग आज तिसरं इंजेक्शन.’

‘हो... बारा वाजता. तिथेच घेऊन निघालोय.’

आवाज बसला होता. एक मिनिटापूर्वी जो माणूस शेजारणीला फासावर द्यायला निघाला होता तो आता आईला रिक्षातून नेणारा मुलगा झाला. फेडर हळूहळू पूर्ण वर गेला. डॉक्टरांनी त्याच्याकडून विचारून घेतलं की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती का (नव्हती, हळद लावली होती), आणि पुढचे दोन डोस चुकवू नका म्हणून बजावलं. त्या चिठ्ठीवर काय होतं ते मी नंतर पाहिलं : ०, ३, ७, १४, २८. लशीचे दिवस. म्हणून तिला ‘आज तिसरं’ म्हणता आलं. नुसत्या गोड आवाजावर हे जमलं नसतं.

खरी परीक्षा पुढे होती. पाच मिनिटांनी बाहेरच्या मुलाने काचेवर चिठ्ठी धरली. सीवूड्स, बाई, कुत्र्यांना खायला घालतात. खाली लिहिलं होतं ‘बी विंग??’ दोन प्रश्नचिन्हं. आम्ही सगळेच ताठ बसलो. टीव्हीवाल्यांना ही चिठ्ठी मिळाली असती तर दोघांना एका लाइनवर आणून कोंबड्यांची झुंज लावली असती, आणि खालून पट्टी फिरवली असती. हिने काय केलं? जिंगल लावली आणि बाहेर सांगितलं, ‘त्यांना सांग, काकांना उत्तर द्यायचं नाही. त्या स्वतः काय करतात तेवढंच सांगायचं. चालेल का विचार.’ बाईंना चाललं. त्या आल्या, तुटक बोलल्या, पण बोलल्या : पहाटे सहाला, लहान मुलं खाली यायच्या आधी, भांडी उचलून नेतात, चार कुत्र्यांची नसबंदी पदरच्या पैशांनी. डॉक्टरांनी सांगितलं की २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची आहे, जिन्यात, फाटकाशी किंवा मुलं खेळतात तिथे नाही. दोघांपैकी कुणी जिंकलं नाही. मला वाटतं बी विंगच्या लिफ्टमध्ये अजूनही ते एकमेकांकडे बघत नसतील. पण रेडिओवर कुणाचा पंचनामा झाला नाही.

नाव घेणाऱ्यांबद्दल स्टेशनची भीती खोटी नाही, हेही लिहायला हवं. आकाशवाणीची संहिता ह्यांनाही लागू आहे : धर्मावर, समाजावर हल्ला नको, बदनामी नको, राजकीय पक्षाचं नाव घेऊन चिखलफेक नको. स्वतःच्या बातम्याही देता येत नाहीत, आकाशवाणीच्या घ्याव्या लागतात. बोलतो फोनवाला, परवानगी जाते कॉलेजची. तेव्हा ज्याने नाव घेतलं त्याचा आवाज त्या क्षणी खाली गेलाच पाहिजे, ह्याबद्दल माझं दुमत नाही. माझं भांडण आहे ते ह्या भीतीपायी ज्याने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं अशालाही उडवण्याशी. करावेच्या काकांनी कोणत्या पक्षाचं नाव घेतलं होतं? टेम्पोचं घेतलं होतं. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला, त्यातूनच पुढे असल्या छोट्या स्टेशनांची वाट मोकळी झाली. ती लहर थोडी करावे गावाचीही आहे की नाही?

आता लांबण लावणारे. हे ओरडणाऱ्यांपेक्षा अवघड, कारण सभ्य असतात. आमच्या कार्यक्रमाला सानपाड्याचे एक निवृत्त साहेब लाभलेत. विषय कोणताही असो, मासिक पाळी असो नाहीतर मटण रस्सा, ते ‘आधी थोडी पार्श्वभूमी’ म्हणून १७ मार्च १९७० ला सिडकोच्या स्थापनेपासून सुरुवात करतात. तिथून महापालिकेपर्यंत, म्हणजे १ जानेवारी १९९२ पर्यंत, यायला त्यांना अडीच मिनिटं लागतात. माझ्या चार पोळ्या होतात तेवढ्यात. पूर्वी ही मुलगी ‘हो... हो सर... बरोबर सर...’ करत त्यांच्या मागे फरपटत जायची. प्रत्येक ‘हो’ म्हणजे गाडीला धक्का, हे तिला कळत नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी तिने ‘हो’ म्हणणं बंद केलं. त्यांनी श्वास घेतला तिथे नेमकी शिरली : ‘सर, ९२ पर्यंत आलो. आता आजच्या सकाळी या.’ साहेब हसले. मी तर हसलेच. आणि एका वाक्यात त्यांनी चांगला मुद्दा सांगितला, जो मी ह्या माणसाकडून दोन वर्षांत प्रथमच ऐकला.

बाकी बारीकसारीक. ‘तुमचा मुद्दा आमच्यापर्यंत पोहोचला’ हे वाक्य कायमचं बंद करा, त्याचा अर्थ ‘जा आता’ असा होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यापेक्षा ‘वेळ संपली’ म्हणा, खरं तरी आहे. जाहिराती पूर्वी तासाला सात मिनिटं होत्या, २०२४ पासून बारापर्यंत चालतात. चालू द्या, स्टेशन जगायला हवं, पण फरसाणवाल्याची जाहिरात कार्यक्रमाच्या दुप्पट आवाजात कशाला? मी दोनदा दचकून पोळी करपवलीय. फोन घेणारा मुलगा आता आधी नाव-नंबर घेऊन ठेवतो आणि इकडून उलट फोन लावतो, ही सुधारणा चांगली. एकतर फुकट्या टवाळखोरांचे फोन कमी झाले, शिवाय लोकांचे पैसे आणि धीर दोन्ही वाचतात. कापलेल्या श्रोत्याने दाद कुठे मागायची ते मात्र हवेत कधीच सांगत नाहीत. सल्लागार समिती नेमलेली आहे, नेमावीच लागते. ती आहे हे मला चौथ्या मजल्यावरच्या नोटीस बोर्डवर कळलं. रेडिओ ऐकणारा माणूस चौथ्या मजल्यावर कशाला जाईल?

तर साडेतीन. एक त्या ‘कधी?’ला, एक टेप निमूट ऐकवली म्हणून, एक टेक्निकल मुलाच्या बोटाला, अर्धा सानपाड्याच्या साहेबांना १९९२ मध्ये गाठल्याबद्दल. कापलेल्या दीडपैकी एकाचा हिशोब वर मंगळवारच्या मुलाच्या नावावर आहे. राहिलेल्या अर्ध्याचं सांगते.

स्टेशनवर फोनची एक वही आहे. रेघा मारलेली, वेळ, नाव, ठिकाण, विषय, मोबाइल आणि शेवटी ‘शेरा’. त्या पार्किंगच्या गुरुवारचं पान मी उघडलं. माझ्या नावापुढे लाल शाईत : ‘उद्धट (लेडीज)’. बरोबरच आहे, मी काही बोलले नाही. त्याच्या वरच्या ओळीत करावे गाव, विषय गल्लीतलं पार्किंग, आणि शेरा तोच : ‘उद्धट’. मी मुलीला म्हटलं, माझं राहू दे, त्यांचं खोड. आणि त्यांना एक फोन कर. ती म्हणाली, काकू, कापलेल्यांना परत फोन करायची आपल्याकडे पद्धत नाही, सरांना विचारावं लागेल. सर म्हणाले, बघू. त्याला आता पाच गुरुवार झाले.

काका पुन्हा कार्यक्रमात आलेले नाहीत. मी दर आठवड्याला कोंबड्याच्या आवाजासाठी कान देऊन असते. त्यांचा नंबर वहीत आहे, दहा आकडी, स्वच्छ अक्षरात, मी स्वतः पाहिलाय. फोन केलात की कळवा, अर्धा स्टार लगेच वाढवते.